मुका नट कुठल्या भाषेत बोलायचा

आमचे मामा निपाणीत न बोलण्याबद्दल प्रसिद्ध होते. ही गोष्ट मुळातच उलटी, कारण या माणसाने अर्धं आयुष्य बोलण्यावर पोट भरलं होतं. सिनेमा मुका होता त्या दिवसांत पडद्याच्या कडेला उभं राहून, पडद्यावरची माणसं काय म्हणतायत ते लोकांना ओरडून सांगायचं, हा त्यांचा धंदा. लोक त्यांना ‘सांगणारे अण्णा’ म्हणत. आता सांगणारे अण्णाही नाहीत आणि ते ज्यांच्या वतीने बोलत ते नट-नट्याही नाहीत, तेव्हा निदान कुणीतरी लिहून ठेवावं म्हणून मी बसले आहे.

मी कंग्राळीची. घर शेतकऱ्याचं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मला मामांकडे निपाणीला पाठवत आणि मी पहिल्याच संध्याकाळी सिनेमाच्या तंबूत जाऊन बसे. तंबूत डाव्या अंगाला मराठी मंडळी बसत आणि उजव्या अंगाला चिकोडीकडून बैलगाड्या जुंपून आलेले कानडी शेतकरी. असं कुणी ठरवून दिलं नव्हतं, पण बसायचे तसेच. मामा हातात वेताची छडी घेऊन पडद्याजवळ उभे राहत. प्रत्येक वाक्य ते दोनदा सांगत, एकदा मराठीत आणि एकदा कानडीत. त्यामुळे एका विनोदाला दोनदा हशा व्हायचा आणि एकच माणूस दोनदा मरायचा. एका अंगाच्या बायकांचे डोळे पुसून होतात न होतात तोच दुसऱ्या अंगाच्या बायका पदर तोंडाला लावत. मला दोन्ही भाषा येत असल्यामुळे मी दोन्ही वेळा रडून घेई.

पडद्यावर मधून मधून पाट्या येत. कधी गुजराती, कधी इंग्रजी, कधी हिंदी. मामा त्या वाचायच्या भानगडीत पडत नसत. “पाटी वाचून दावायला कारकून बी चालंल की,” असं म्हणायचे. ते माणसांच्या तोंडाकडे बघून बोलणं रचत. मग कुठल्याशा लांबच्या मुलखातली राजकन्या आमच्याकडे देसायाची लेक व्हायची, आणि दुष्ट प्रधान तागडीला बोट लावून तंबाखू तोलणारा अडत्या व्हायचा. मूळ कथा काय होती हे निपाणीत आजवर कुणाला कळलेलं नाही, आणि कुणाचं काही अडलंही नाही.

त्यात एक नट सगळ्यांचा लाडका. उंच, मोठ्या डोळ्यांचा, घोड्यावर फार रुबाबात बसायचा. मामा त्याच्यासाठी खास आवाज काढत. रांजणात तोंड घालून बोलावं तसा तो आवाज घुमायचा. एरवी राजकन्येचं, दासीचं, म्हाताऱ्या राजाचं बोलणं मामा खांबाला टेकून उरकत, पण हा नट आला की छडी खाली ठेवून ताठ उभे राहायचे. मामी म्हणायच्या, “माझ्या बापासमोर उभं राहतानाबी ह्यास्नी एवढा मान सुचला न्हवता.”

पुढे बोलपट आला. तंबूच्या जागी पत्र्याचं थेटर उभं राहिलं आणि सांगणाऱ्याची गरज संपली. लाडक्या नटाचा पहिला बोलपट निपाणीत लागला तेव्हा सगळं गाव लोटलं. मामाही इतरांसारखे बाकावर बसले. नटाने तोंड उघडलं आणि आतून बारीक, किनरा आवाज आला. थेटर हसून हसून आडवं झालं. मामा मध्यंतराच्या आधीच उठून घरी आले, आणि त्या दिवसापासून बोलायचे थांबले.

अगदी मुके झाले असं नव्हे. ‘व्हय’, ‘न्हाय’ आणि ‘वाढ’ हे तीन शब्द शिल्लक होते. थेटरचे मालक भले गृहस्थ. जैन घरातले, तंबाखूचे व्यापारी, घरात कानडी आणि दुकानात मराठी. सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांनी मामांना दारावर उभं राहायचं काम देऊ केलं. मामांनी नुसती नकाराची मान हलवली आणि तंबाखूच्या वखारीत पानांची प्रत लावायला जाऊ लागले. तिथे धुरळा असा की सगळे तोंडाला फडकं बांधून बसत. म्हणजे बोलायचा प्रश्नच मिटला.

मी शिकून मास्तरीण झाले आणि निपाणीच्याच मुलींच्या शाळेत लागले तेव्हा लढाईची वर्षं होती. राहायला अर्थात मामांकडेच. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात पाय टाकला की मामींचं बोलणं ऐकू यायचं. मामांच्या वाटणीचंही त्याच बोलून घेत. “आज भाजी बरी झालीया न्हवं? झालीया म्हणा की. बरी झालीया.” पाहुण्याला वाटावं, बाईला काही कमी नाही. पण मी एकाच घरात राहत होते, मला सगळं दिसत होतं. मामींनी ज्येष्ठमध उगाळून झालं होतं, वैद्य झाले होते, नवस बोलून झाले होते. एकदा तर मामा भांडतील या आशेने त्यांनी त्यांची वेताची छडी जळणात घातली. मामांनी चुलीकडे बघितलं आणि ताट पुढे ओढून म्हणाले, “वाढ.”

त्या दिवशी मामी माझ्याजवळ रडल्या. “बायकांचे नवरे लई बोलत्यात म्हणून त्या रडत्यात. माझं सगळं वायलंच. पोरी, ह्या माणसाचं बोलणं ऐकून मी ह्या घरात आलतो. माझ्या बापानं हजार खोडी काढल्या हुत्या. मी म्हटलं, असू दे, माणूस बोलतोय झ्याक. आता मरायच्या आधी एकदा मला त्यो आवाज ऐकायचाय बघ. दुसरं कायबी नगं.”

नोकरी गेल्यामुळे मामांच्या जिवाला लागलं, असं गाव म्हणायचं. मामीही तेच धरून बसल्या होत्या आणि मीही.

एके दिवशी कोल्हापूरच्या गाडीने आलेलं वर्तमानपत्र मी जेवताना वाचून दाखवत होते. लढाईच्या बातम्या झाल्या, रॉकेलच्या झाल्या, आणि खाली कोपऱ्यात चार ओळी होत्या: मूकपटाच्या काळातला तो नट मुंबईत वारला. शेवटची वर्षं त्याला काम नव्हतं, एवढंच पुढे लिहिलं होतं. मामांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, उठून हात धुतले, आणि त्या दिवशी वखारीत गेले नाहीत. परसात जाऊन बसले ते तिन्हीसांजेपर्यंत.

गावात मात्र बातमी वेगळ्या तऱ्हेने लागली. आप्पांनी जाहीर केलं की रविवारी दुपारी थेटरात दुखवट्याची सभा. निपाणीला दुखवट्याची हौस पहिल्यापासून, आणि तिकीट नाही म्हटल्यावर विचारायलाच नको. मामींनी मनाशी पक्कं केलं की मामांना तिथे न्यायचं. “चार माणसं चांगलं बोलतील, कुणीतरी रडंल, ह्यांच्याबी घशात काहीतरी हललं तर हललं.” मामांनी नाही म्हटलं तर काय म्हणायचं, ते त्यांनी दोन दिवस माझ्यापुढे म्हणून बघितलं. रविवारी बघतो तर मामा आधीच धुतलेला कोट आणि टोपी घालून ओट्यावर उभे. मामींचं सगळं भाषण वाया गेलं.

थेटर भरलं होतं. सवयच अशी की डावीकडे मराठी आणि उजवीकडे कानडी. पडद्यासमोर टेबल, त्यावर नटाची तसबीर. तसबीर कुठून आणणार? आप्पांनी जुन्या जाहिरातीतून त्याचं तोंड कापून चौकटीत बसवलं होतं. कापणाऱ्याचा हात चुकला होता, त्यामुळे घोड्याचं अर्धं तोंडही आत आलं होतं. हार दोघांनाही पडला. आम्ही तिघं मधल्या रांगेत बसलो, आणि आमच्यामागे शेजारची विडी वळणारी आक्का. तिला गावात कुणी उलट बोलत नसे.

अध्यक्ष अर्थातच आप्पा. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की सभा उन्हं आहेत तोवर आटोपायची, कारण दिवस मावळल्यावर ते अन्नाला शिवत नाहीत. मग एका मोठ्या शाळेचे हेडमास्तर उठले. मी स्वतः मास्तरीण असल्यामुळे मला भाषणं आवडतात, पण स्वतःची. हेडमास्तरांचं भाषण हरभऱ्याच्या शेतातून अनवाणी चालावं तसं चाललं होतं. ‘कलेच्या क्षितिजावरून’ झालं, ‘काळाच्या कराल दाढा’ झाल्या, आणि मग आवाज चढवून ते म्हणाले, “आणि त्यांचा तो धीरगंभीर आवाज! तो ज्याने ऐकला तो धन्य झाला!”

मी मामींकडे बघितलं. मामी हेडमास्तरांकडे बघत होत्या, भुवया वर करून.

त्यांच्यामागून उठला तो प्रत्येक जण आवाजावरच बोलला. एका अडत्याने सांगितलं की त्या आवाजाने त्याच्या अंगावर काटा यायचा. एका न्हाव्याने ती डरकाळी काढून दाखवायचा प्रयत्न केला आणि त्याला ठसका लागला. बोलपटात त्याच्या खऱ्या, किनऱ्या आवाजाला हसलेली हीच माणसं. पण ते कुणाच्या ध्यानातही नव्हतं. त्या आवाजाची आठवण त्यांनी केव्हाच पुसून टाकली होती आणि जुनाच आवाज नटाच्या गळ्यात परत बसवला होता. मला हसू आवरेना. दुखवट्याच्या सभेत मास्तरीण हसतेय म्हणून मामींनी मला चिमटा काढला.

मग चिकोडीकडचा एक म्हातारा शेतकरी उठला. त्याने टोपी काढून तसबिरीला हात जोडले, आणि म्हणाला की मला भाषण येत नाही, पण राजपुत्र लढाईला जाताना आईला जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि त्याने ते म्हटलं:

“यव्वा, अळब्याड. रोट्टी मुच्चिडु, ना बर्तीनि.”

उजवीकडच्या सगळ्यांनी “हौद्री, हौद्री” म्हणून माना हलवल्या. दोन-तीन बायका रडायला लागल्या. तेवढ्यात डावीकडून अडत्या उभा राहिला. “तसं न्हवं काका. त्यो मराठीत बोलला. ‘आये, रडू नगंस. भाकरी झाकून ठेव, मी येतोच.’ आधी मराठीत बोलला आणि मग तुमास्नी कळावं म्हणून कानडीत.”

“आधी कानडी,” म्हातारा म्हणाला. “माझ्या कानानं ऐकलंय.”

“माझं कान काय भाड्यानं आणलेत काय?”

हेडमास्तरांनी मध्ये तोंड घातलं. एखादा राजपुत्र भाकरी झाकून ठेव असं म्हणेलच कशाला, तो काही तरी भारदस्त म्हणाला असणार, असं त्यांचं मत पडलं. त्यावर दोन्ही बाजू एक झाल्या आणि त्यांनी हेडमास्तरांना खाली बसवलं. भाकरीबद्दल वाद नव्हता. ते बसल्यावर पुन्हा दोन बाजू झाल्या. बाकं सरकली. कुणी म्हणालं, नट मूळचा आमच्याच भागातला असणार, नाही तर एवढी सराईत कानडी कशी येईल. आप्पा डावीकडे वळून मराठीत आणि उजवीकडे वळून कानडीत हात जोडत होते, आणि मधल्या वेळात दारातून उन्हाकडे बघत होते. मुक्या सिनेमात ज्या माणसाने आम्हाला एक शब्द ऐकवला नाही, तो कुठल्या भाषेत बोलला यावरून निपाणीत मारामारी व्हायची वेळ आली होती.

आणि माझ्या शेजारचं बाक हललं. मामा उभे राहिले होते.

“बसा खाली,” ते म्हणाले.

रांजणातला आवाज. जुना, जरा गंजलेला, पण तोच. सगळं थेटर बसलं. मामींनी माझा हात धरला होता तो इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

“आये, रडू नगंस. भाकरी झाकून ठेव, मी येतोच,” मामा म्हणाले. थांबले, उजवीकडे वळले, आणि तेच कानडीत म्हणाले. मग टोपी सारखी केली. “बाजारादिवशी चिकोडीच्या गाड्या यायच्या, तवा मी कानडी आधी सांगायचो. बाकीच्या दिवशी मराठी आधी. तवा दोघंबी खरं सांगताय. त्यो कुठल्याच भाषेत बोलत न्हवता. त्यो बिचारा नुसतं व्हट हलवायचा. बोलत हुतो मी.”

लोकांच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. आधी न्हावी हसला, मग अडत्या, मग चिकोडीचा म्हातारा मांडीवर थाप मारून हसायला लागला, आणि शेवटी सगळं थेटर टाळ्या वाजवायला लागलं. दुखवट्याच्या सभेत टाळ्या. हेडमास्तर तेवढे छताकडे बघत राहिले. मामींचं आणि माझं रडणं आणि हसणं एकाच वेळी चाललं होतं. मला वाटलं, झालं, मामांचा सत्कार होणार आणि आम्ही हार घेऊन घरी जाणार.

पण मामांनी हात वर केला. “टाळ्या नगं. ऐका. ते भाकरीचं मला सुचलं ते त्याच्या तोंडाकडं बघून. घोड्यावर बसायच्या आधी त्यो एकदा मागं वळून बघायचा. मी रोज बघायचो त्याला, एवढ्या जवळनं. मला वाटायचं, ह्याला भूक लागलीया, आणि आई समोर हाय म्हणून सांगता येईना झालंय. म्हणून भाकरी. त्यानं तसं बघितलं नसतं तर मला कवाच सुचलं नसतं.” मामांनी घसा खाकरला. “मी त्याला माझा आवाज दिला. लई मोठा दिला. मग बोलपटात त्याचा सोताचा आवाज आला, आणि तुमी हसला. माझ्या आवाजाची सवय लागली म्हणून हसला. त्याचं काम गेलं. माझं गेलं त्याचं मला कायबी न्हाय. पर त्याचं गेलं. तवापासनं तोंड उघडावं वाटंना.”

 मी इतकी वर्षं त्या घरात जेवत होते आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मामांनाही कुणी विचारलं नव्हतं, कारण ते का बोलत नाहीत हे आपल्याला माहीत आहे, असंच सगळ्यांना वाटत होतं. मला फार वाईट वाटलं, आणि मामांचा इतका अभिमान वाटला की ऊर भरून आला.

मागून आक्का उठली. तिने विडीची राख झटकावी तसा हात झटकला. “व्हय अण्णा, हसलो आमी. म्या बी हसलो. लई वंगाळ केलं. पर तुमी गप बसला त्यानं त्याला काय पोचलं? आता त्यो तर गेला. आमी समदी आवाजावर भाळून हुतो, त्याच्या तोंडाकडं नीट बघितलंय कोण? एकट्या तुमी. मग त्यो कसा हुता ते आमास्नी कोण सांगणार? ह्यो मास्तर?”

 मामा बाकांमधून वाट काढत पडद्यापाशी गेले आणि घोड्याच्या अर्ध्या तोंडाशेजारी जाऊन थांबले. तिथून त्यांनी सांगायला सुरुवात केली. तो नट तलवार उपसायचा तेव्हा आधी डाव्या हाताने धोतर सावरायचा, खोटं रडायचं असेल तर डोळे मिटायचा आणि खरं रडायचं असेल तर उघडे ठेवायचा. पहिल्या सिनेमात घोड्याला भ्यायचा, आणि पुढे पुढे घोड्याच्या कानात काहीतरी सांगायचा. काय सांगायचा ते पडद्यावर कधीच कळलं नाही. एका सिनेमात त्याच्या पायाला जखम झालेली दिसत होती, तरी तो राजकन्येला पाठीवर घेऊन जिना चढला. एक वाक्य मराठीत, एक कानडीत. आधी डावीकडे हुंदका, मग उजवीकडे. आम्ही त्या नटाला इतक्या वेळा बघितलं होतं, पण त्या दुपारी पहिल्यांदा बघत होतो, आणि पडद्यावर काहीच नव्हतं.

दारातलं ऊन कधीच गेलं होतं. आप्पांनी बाहेर बघितलं, मामांकडे बघितलं, आणि खुर्चीत नीट मांडी घालून बसले. त्या दिवशी त्यांना उपाशी झोपावं लागलं, आणि ती हकीगत ते पुढे सगळ्यांना मिरवून सांगत.

घरी येताना मामा पुढे आणि आम्ही दोघी मागे. मामांचं बोलणं थांबत नव्हतं. नटाचं संपलं, मग एका खाष्ट राणीचं काम करणारीचं सुरू झालं. तीही बिचारी वारली होती, पण नाकपुड्या काय फुगवायची! मग मूकपटाला पेटी वाजवणाऱ्याचं, मग तंबूच्या दोऱ्यांचं, मग वखारीत इतके दिवस मनात साठलेलं सगळं. वाटेत ओट्यांवर बसलेली माणसं उठून बघत होती. मामी, ज्या दोघांच्या वाटणीचं बोलत आल्या होत्या, त्या खाली मान घालून मुकाट चालत होत्या. मला काळजी वाटली. मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, “मामी, बरं वाटत नाही का तुम्हाला?”

मामींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“गप गं,” त्या म्हणाल्या. “ऐकू दे मला.”